मोठेपणी ऑटिझमची तपासणी: नागपुरात सुरुवात कुठून करायची

प्रश्न थोडक्यात असा: "मी २९ वर्षांची आहे. मिहानमध्ये आयटी कंपनीत नोकरी करते, आईबाबांसोबत राहते. शाळेत कायम पहिल्या पाचात होते. पण चार माणसांत जायचं म्हटलं की काय बोलायचं ते आधी मनात पाठ करावं लागतं. लग्नातला डीजे, कुकरची शिट्टी, कँटीनमधला कलकलाट सहन होत नाही. घरी आल्यावर बराच वेळ खोलीत अंधार करून पडून राहते. चिंतेसाठी औषध सुरू आहे. भाच्याला ऑटिझम असल्याचं कळलं, त्याच्यासाठी वाचायला घेतलं आणि पानोपानी मीच दिसायला लागले. इंटरनेटवरच्या ५० प्रश्नांच्या चाचणीत ३६ गुण आले. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, 'तुम्ही डोळ्यांत बघून बोलता, नोकरी करता, तुम्हाला कसला ऑटिझम?' नागपुरात मोठ्या माणसांची तपासणी कोण करतं? त्यात नेमकं काय होतं? आईला सांगावंच लागेल का? स्थळं बघणं सुरू आहे, त्याचं काय? आणि एवढं करून उपयोग काय?"

आधी डॉक्टरांच्या त्या वाक्याबद्दल, कारण ते ऐकून पुष्कळ जण तिथेच थांबतात. डोळ्यांत बघून बोलता येतं म्हणजे ऑटिझम नाही, हा निष्कर्ष बरोबर नाही. डोळ्यांत बघणं शिकता येतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका सांगतात, समोरच्याच्या भुवयांच्या मधे बघायचं, मनात तीनपर्यंत मोजायचं, मग नजर काढायची, परत आणायची. हे त्यांनी सातवी-आठवीत कोणाकडे तरी बघून उचललेलं असतं. बाहेरून बघणाऱ्याला काही वेगळं जाणवत नाही, आणि आतून मात्र अर्धं लक्ष त्या मोजण्यात गेलेलं असतं. म्हणून तपासणाऱ्याने "डोळ्यांत बघता का?" एवढ्यावर थांबू नये. बघताना तुम्हाला काय काय करावं लागतं, हेही विचारायला हवं. निदानाचे निकष ज्यात दिलेत त्या डीएसएम-५ मध्येच (२०१३) हे धरलेलं आहे. लक्षणं लहानपणापासून असली पाहिजेत, पण जगण्याच्या मागण्या वाढेपर्यंत ती पूर्ण उघडी पडतीलच असं नाही, आणि पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलीही जाऊ शकतात. नोकरी आहे किंवा वर्गात वरचा नंबर होता म्हणून ऑटिझम नाही, असं तर निकष कुठेच म्हणत नाहीत.

निकषांचे दोन भाग आहेत. पहिला माणसांशी देवाणघेवाणीचा. बोलण्यातली ये-जा, चेहरा-हातवारे-आवाज यांचा वापर आणि समज, आणि नाती जोडणं-टिकवणं. या तिन्ही ठिकाणी अडचण असावी लागते. दुसरा भाग ठरावीकपणाचा. तेच ते हावभाव किंवा शब्द, ठरल्या क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयात खोल बुडून जाणं, आणि आवाज-स्पर्श-वास-उजेड यांचा जास्त किंवा फार कमी त्रास. या चारांपैकी किमान दोन लागतात. आज दिसत नसलं, पण पूर्वी होतं, तरी ते धरलं जातं. शिवाय या सगळ्याने रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा येत असला पाहिजे. तुम्ही लिहिलेल्या गोष्टी दोन्ही भागांकडे बोट दाखवतात. म्हणजे तपासणी करून घेण्याइतकं कारण नक्कीच आहे. तुम्हाला ऑटिझम आहे की नाही, हे मात्र एवढ्या मजकुरावरून मी सांगू शकत नाही आणि कोणीच सांगू नये.

तुमच्या ३६ गुणांबद्दल. ही प्रश्नावली केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ साली तयार केली आणि ३२ ही तिची मूळ सीमा होती. तिचं काम एवढंच, की पुढे तपासायचं का हे ठरवायला मदत करणं. त्यात एक प्रश्न आहे, नाटकाला जायला आवडेल की संग्रहालयात? धरमपेठेत वाढलेल्या माणसाने याचं उत्तर काय द्यायचं, आणि त्यातून काय कळायचं? शिवाय खूप चिंता असलेल्या माणसाचे गुणही वर जातात. तेव्हा ३६ या आकड्याने घाबरू नका आणि त्यावर विसंबूही नका. तपासणीला जाताना ती भरलेली प्रत सोबत न्या, आणि ज्या प्रश्नांना उत्तर देताना अडखळलात त्यांच्या शेजारी का अडखळलात ते लिहा. गुणांपेक्षा त्या नोंदी मला जास्त उपयोगी पडतात.

आता कोण करतं. ऑटिझमचं निदान मनोविकारतज्ज्ञ करू शकतात किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, ज्यांना सगळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात. दुसऱ्या गटात एक गोष्ट तपासून घ्या. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी हवी. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आलेली आहे, नोंदणी झालेल्यांची यादी तिच्या संकेतस्थळावर बघता येते. "समुपदेशक" अशी पाटी कोणीही लावू शकतं. त्यांतले काही जण फार चांगलं काम करतात, पण निदान त्यांच्याकडून घेऊ नका.

नागपुरात सरकारी बाजूला मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स, तिन्ही रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे. एम्स तुमच्या ऑफिसला सगळ्यात जवळ. प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे घरं हादरतात, त्यामुळे तिकडे जायला बहुतेक जण तयार नसतात, पण तिथेही ओपीडी चालते हे माहीत असू द्या. खाजगीत धंतोली-रामदासपेठेत मनोविकारतज्ज्ञ भरपूर आहेत. अडचण वेगळी आहे. ऑटिझमचा अनुभव ज्यांना आहे त्यातल्या बहुतेकांचा तो लहान मुलांचा. त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर फुलपाखरं, कोपऱ्यात बॉलचा हौद, आणि रांगेत तुम्ही एकट्याच मोठ्या. म्हणून आधी फोन करा आणि सरळ विचारा: मोठ्या माणसांचं, विशेषतः बायकांचं, निदान तुम्ही स्वतः करता का? साधारण किती बैठका लागतात? लेखी अहवाल मिळतो का, आणि सगळं मिळून खर्च किती? "या तर आधी, मग बघू" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. "एका बैठकीत सांगून टाकतो" असं आलं तरीही. फोनवर बोलणं जड जात असेल तर हेच प्रश्न व्हॉट्सॅपवर पाठवा. त्याला नीट उत्तर देणारी व्यक्ती तुमच्या कामाची आहे, एवढं त्यातूनच कळतं.

गावात मनासारखं कोणी सापडलं नाही, तर पुण्या-मुंबईची काही मंडळी व्हिडिओवर बैठका घेतात. बेंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, तीही आहे. व्हिडिओवर इतिहास चांगला घेता येतो, प्रत्यक्ष निरीक्षण मात्र थोडं कमी पडतं. शक्य असेल तर एक तरी बैठक समोरासमोर ठेवावी असं माझं मत आहे.

बैठकीत काय होतं? रक्ताची तपासणी नाही, एमआरआय नाही, "ब्रेन मॅपिंग" नाही. मोठ्या माणसांतला ऑटिझम दाखवणारं यंत्र अजून जगात कुठेही नाही. फिट येण्याचा इतिहास असेल तर ईईजी, थायरॉईडची शंका असेल तर रक्त, अशा इतर कारणांसाठी तपासण्या सांगितल्या जातील, ते वेगळं. केवळ ऑटिझम आहे का हे बघण्यासाठी कोणी महागडं स्कॅन सांगितलं तर ते करू नका.

बैठकीचा गाभा म्हणजे सविस्तर मुलाखत. काही ठिकाणी त्याच्या जोडीला एडॉस-२ नावाची निरीक्षणाची चाचणी करतात. मोठ्यांसाठीच्या भागाला पाऊण तास-तासभर लागतो. गप्पा, चित्रं बघून गोष्ट सांगणं, मैत्रीबद्दल, कामाबद्दल, एकटेपणाबद्दल प्रश्न. करताना पोरखेळ वाटतो, पण बोलता बोलता तुमचा चेहरा, हात, आवाज एकमेकांबरोबर कसे चालतात हे त्यात बघितलं जातं. तिचं साहित्य आणि प्रशिक्षण महाग असल्याने ती सगळीकडे नसते. ती झाली नाही म्हणून निदान कच्चं ठरत नाही. आणि ती झाली, गुण कमी आले, म्हणून ऑटिझम नाही असंही ठरत नाही. तासभर उत्तम निभावून नेणाऱ्या बाया तिच्यात निसटू शकतात.

म्हणूनच मी पुन्हा पुन्हा सांगते की निदान उभं राहतं ते तुमच्या इतिहासावर, आणि तो गोळा करण्याचं बरंचसं काम तुम्हाला घरीच करायचं आहे. बैठकीआधी जितकी तयारी, तितकं निदान पक्कं, मग ते "आहे" असो की "नाही".

लहानपणचा इतिहास आईकडे असतो. आईला "मी लहानपणी विचित्र होते का गं?" असं विचारलं तर एकच उत्तर येणार, "काही नाही, छान होतीस." त्या प्रश्नात तिला आरोप ऐकू येतो. लहान, ठोस, प्रसंगांचे प्रश्न विचारा. तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन मी घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला जायची का? गेले तर दारात काय बोलायची, की ताईच्या मागे उभी राहायची? की बाकी पोरं फिरत असताना मी घरी बैलाची चाकंच फिरवत बसायची? मारबतीची मिरवणूक बघायला महालात नेलं होतं तेव्हा मी काय केलं? भातुकलीत मी कोणाची तरी आई व्हायची, की भांडी लहान-मोठी करून रांगेत लावायची, आणि कोणी रांग मोडली तर? फ्रॉकचं लेबल, स्वेटरची लोकर, केस विंचरणं, नखं कापणं, यावरून घरात किती रडारड व्हायची? वरण-भाताशिवाय काय काय खायची? वरणात फोडणीची मोहरी दिसली तर? पाहुणे अचानक आले, किंवा शाळेतून येताना ऑटो वेगळ्या रस्त्याने आला, तर? बोलायला कधी लागले, आणि कशी बोलायची, पोरांसारखी की पुस्तकासारखी?

असं विचारलं की आई खुलते. एका मुलीच्या आईने तासभर "सगळं नॉर्मल होतं" म्हटलं आणि निघता निघता सहज सांगितलं, "हिला कुठे नेलं की आधी त्या घरातल्या पंख्याखाली जाऊन उभी राहायची, पंखा बंद केला की घरी चला म्हणायची. आम्ही तर हिला पंखावालीच म्हणत होतो." घरातल्या सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलेलं होतं की सांगण्यासारखं काही आहे, असं कोणाला वाटलंच नव्हतं. (तपशील मी बदललेत, पण अशी वाक्यं दाराशीच निघतात हे खरं.)

दुसरं हमखास येणारं वाक्य, "त्यात काय, हिचे बाबाही असेच आहेत. लग्नात गेले तर पंगत झाली की बाहेर स्कूटरपाशी जाऊन उभे." हे वाक्य लिहून ठेवा आणि तपासणाऱ्याला सांगा. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, जुळ्यांच्या अभ्यासांतून हे वारंवार दिसलंय. ज्या घरात दोघं-तिघं तसे असतात तिथे तेच नॉर्मल ठरतं, आणि आई अगदी प्रामाणिकपणे सांगते की काही वेगळं नव्हतं. तुमच्या भाच्याचं निदान झालेलं आहे, हीही इतिहासातली महत्त्वाची गोष्ट आहे. ती पहिल्या बैठकीतच सांगा. मुलाच्या तपासणीला आलेले वडील प्रश्न ऐकता ऐकता गप्प होतात आणि शेवटी विचारतात, "मॅडम, हे तर माझंच चाललंय", असं आमच्याकडे नेहमी होतं. मोठ्यांच्या निदानाची वाट बऱ्याचदा अशीच मुलांच्या निदानातून जाते.

आईला सांगावंच लागेल का? नाही. तुम्ही सज्ञान आहात, तपासणी तुमच्या संमतीने होते, अहवाल तुमच्या हातात येतो, आणि तुमच्या परवानगीशिवाय तो घरी किंवा ऑफिसला देता येत नाही. आई नको असेल तर मोठी बहीण, मावशी, आत्या, बालवाडीच्या बाई, लहानपणापासून शेजारी राहणाऱ्या काकू, कोणीही चालेल. जुनी प्रगतिपुस्तकं काढा. "हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही", "गटकार्यात सहभाग वाढवावा" असे शेरे चौथी-पाचवीपासून ओळीने असतील तर तो त्या काळातला लेखी पुरावा आहे, आजच्या आठवणीपेक्षा भक्कम. वाढदिवसाच्या कॅसेट, स्नेहसंमेलनाचे फोटो, डायऱ्या, सगळं आणा. यातलं काहीच नसेल तरी निदान अशक्य नाही, फक्त अहवालात तसं नमूद करावं लागतं.

तरीही माझ्या अनुभवात, आई सोबत आली तर बरं होतं. तिला बोलावताना "माझं निदान करायचंय" पेक्षा "मला त्रास होतोय, डॉक्टरांना माझ्या लहानपणचं विचारायचंय, तुलाच माहीत आहे" असं म्हणा. ते खरंही आहे. ती विचारेलच, "माझं काही चुकलं का?" विसाव्या शतकाच्या मध्यात काही नामवंतांनी आईच्या कोरडेपणामुळे ऑटिझम होतो असं मांडलं होतं. ते केव्हाच मोडीत निघालंय, पण त्याची सावली अजून बायांच्या मनावर आहे. लसीमुळे होतो का, असंही विचारेल. तो दावा करणारा १९९८ चा शोधनिबंध त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. दोन्ही उत्तरं तिला स्पष्ट द्या, किंवा आमच्यावर सोपवा.

आजच्या जगण्याचा भाग तुम्ही स्वतः लिहायचा. आठवडाभर रोज संध्याकाळी चार ओळी. कुठल्या प्रसंगाआधी काय पाठ केलं, कुठे काय कळलं नाही, कुठला आवाज लागला, घरी आल्यावर किती वेळ पडून राहिलात. छान लिहू नका, सावरून लिहू नका. बैठकीतही तसंच. आयुष्यभर सावरून घ्यायची सवय असलेली माणसं तपासणीतही सावरून घेतात, हसून उत्तरं देतात, आणि तपासणाऱ्याला दिसतं ते फक्त सावरलेलं. हात हलवावेसे वाटले तर हलवू द्या. बोलण्यापेक्षा लिहून देणं सोपं असेल तर लिहून द्या, मी तरी त्याला कधी हरकत घेतलेली नाही.

चांगला तपासणारा तुम्हाला इतर शक्यतांबद्दलही बारकाईने विचारेल, त्याला अविश्वास समजू नका. सामाजिक चिंतेत माणसाला काय बोलायचं ते कळतं, पण लोक काय म्हणतील या भीतीने बोलवत नाही. ऑटिझममध्ये बऱ्याचदा काय अपेक्षित आहे तेच हाती लागत नाही, आणि वर्षानुवर्षं चुकल्यावर चिंता नंतर येऊन बसते. मंत्रचळात (ओसीडीत) तीच कृती नको असताना करावी लागते, ऑटिझममधल्या ठरावीकपणात बहुधा निवांतपणा असतो. लहानपणी घरात मारहाण, छळ झालेला असेल तर त्याच्या खुणाही वरवर अशाच दिसतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची आणि अति चळवळेपणाची अडचण, तर सोबतच असू शकते. २०१३ पूर्वीच्या निकषांत ही दोन निदानं एकत्र देता येत नव्हती, आता येतात, म्हणून त्याचीही तपासणी मागा. शेवटी तीनपैकी एक उत्तर येईल: आहे, नाही, किंवा एवढ्या माहितीवर ठरवता येत नाही. तिसरं उत्तर प्रामाणिकपणे देणाऱ्यावर रागावू नका. "नाही" आलं तर मग काय आहे, हे त्यांनी समजावून सांगितलं पाहिजे. तेवढं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

अहवालात कोणाकडून माहिती घेतली, कुठल्या चाचण्या केल्या, एकेका निकषाला तुमच्या आयुष्यातला कोणता आधार आहे, दुसरं काय काय तपासून बाजूला ठेवलं, आणि पुढे काय करायचं, हे सगळं हवं. नुसतं "ऑटिझम, सौम्य" लिहिलेली चिठ्ठी कुठेच चालत नाही.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझम नव्हताच. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आला. प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयातलं वैद्यकीय मंडळ बोलावतं आणि त्यानंतर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळतं. मंडळ मुख्यतः इसा नावाचं भारतीय मापन वापरतं. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेलं हे मापन ४० मुद्द्यांचं आहे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० च्या खाली आले तर ऑटिझम धरत नाहीत. ते मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या वागण्यावर बेतलेलं आहे. शिकलेली, नोकरी करणारी, सावरून घेणारी बाई त्यात ७० च्या खाली राहू शकते. तसं झालं तरी तुमचं निदान रद्द होत नाही, फक्त प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या सरकारी योजनांसाठी तुम्ही पात्र ठरत नाही. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरलं तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणापैकी जो १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांना मिळून आहे, त्यात अर्ज करता येतो. तुमची नोकरी खाजगी आहे. माझा सल्ला, आधी निदान, आणि सहा-आठ महिन्यांनी ठरवा प्रमाणपत्र हवं का ते. घाई नाही.

मग उपयोग काय? ऑटिझमवर औषध नाही. स्टेम सेल, शरीरातले धातू काढणं, प्राणवायूच्या पेटीत बसवणं, यांच्या जाहिराती नागपुरातही येतात. स्टेम सेलचा ऑटिझमसाठी वापर करू नये असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्येच म्हटलंय. उपयोग दुसऱ्या ठिकाणी होतो. चिंतेवरचे उपचार बदलतात. सामाजिक चिंता समजून "जा, मिसळा, भीती मोडेल" असं सांगितलं जातं, तिथे ज्याला आवाजानेच शारीरिक त्रास होतो तो माणूस आणखी खचतो. निदानानंतर आम्ही आवाज कमी करण्यापासून सुरुवात करतो, आणि किती मिसळायचं हे तुमच्या ताकदीप्रमाणे ठरवतो. ऑफिसमध्ये मागता येण्यासारख्या गोष्टी ठोस होतात: कँटीनपासून लांबची जागा, हेडफोन, तोंडी सांगितलेलं काम मेलवर, बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी. यासाठी निदान सांगावं लागतंच असं नाही, बहुतेक गोष्टी नुसत्या मागूनही मिळतात. लग्नाला गेलात तर अर्ध्या तासाने निघायची मोकळीक स्वतःला देता येते. आणि "आळशी, माणूसघाणी, जास्तच शहाणी" ही जी बिरुदं लहानपणापासून अंगावर आहेत, ती हळूहळू सुटायला लागतात. मात्र निदानानंतर पहिले काही आठवडे हलकंही वाटतं आणि वाईटही वाटतं, शाळेतली ती वर्षं आठवून रडू येतं. हे बहुतेकांना होतं. त्या काळात एक-दोन बैठका ठेवूनच द्या.

स्थळांबद्दल विचारलंय. बायोडेटात लिहू नका, मध्यस्थाला सांगू नका. तो कागद किती हातांतून जातो ते तुम्हालाही माहीत आहे. पण ज्या मुलाशी पुढे जायचं असं वाटेल त्याला, हो म्हणण्याआधी, स्वतः सांगा, आणि नावापेक्षा आधी रोजचं सांगा: मला संध्याकाळी एकटा वेळ लागतो, घरात मोठ्याने टीव्ही चालत नाही, पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी कळायला हवं. त्यावर तो काय म्हणतो, ते बघा. लग्न ठरेपर्यंत तपासणी पुढे ढकलावी असं घरी कोणी म्हटलं तर माझं मत उलट आहे. स्वतःला काय लागतं हे कळल्यावरच माणूस कोणासोबत राहायचं ते नीट निवडू शकतो.

एक शेवटचं, पण तातडीचं. चिंतेचं औषध स्वतःहून बंद करू नका. ऑटिझम निघाला तरी चिंता खरी आहे आणि तिचा उपचार लागतोच, बदल काय करायचा ते औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. त्यांना अहवालाची प्रत द्या, पूर्वी ते काहीही म्हणाले असोत. आणि वाट बघण्याच्या या काळात जगणं नको वाटण्याइतकं जड झालं, तर अपॉइंटमेंटच्या तारखेची वाट बघू नका. ऑटिझम असलेल्या मोठ्यांमध्ये असे विचार इतरांपेक्षा जास्त आढळतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. फोनवर बोलवत नसेल तर घरातल्या एकाला हे दाखवा आणि त्याला लावायला सांगा, किंवा सरळ मेडिकलच्या आपत्कालीन विभागात जा.